टबातला नवरदेव

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात निघताना सासऱ्यांनी घराच्या किल्ल्या बायकोच्या हाती दिल्या आणि मासे जावयाच्या. किल्ल्या देताना ते काही बोलले नाहीत. मासे देताना मात्र बराच वेळ बोलले.

"जावईबुवा, तुम्हाला फक्त दोन-तीन गोष्टी करायच्या आहेत," त्यांनी सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटं संपेपर्यंत सांगत राहिले. दिवा कधी लावायचा, पाणी किती उष्ण हवं, उडून गेलेल्या पाण्याची भर कुठल्या पिंपातून घालायची, काचेला कुठे हात लावायचा नाही. जावई मान डोलवत होता. बाहेर टॅक्सी उभी होती आणि तिचा चालक अधूनमधून हॉर्नला बोट लावत होता.

जावयाची बेकरी होती. त्याचं काम पहाटे सुरू व्हायचं आणि सकाळची गर्दी ओसरली की तो मोकळा व्हायचा. या कामासाठी त्याची निवड झाली ती त्यामुळेच. दुसरं काही कारण असेल असा त्याचाही गैरसमज नव्हता.

सासरे आयुष्यभर लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत होते. इमारतींच्या पोटातल्या काळोख्या खड्ड्यांत उतरायचं, वरचे दोर बघायचे, आवाज ऐकायचे आणि सही करायची किंवा करायची नाही. बहुतेक वेळा नाहीच करायची. "तुटेपर्यंत सगळेच दोर मजबूत दिसतात," असं ते म्हणायचे. लेकीनं बेकरीवाल्याशी लग्न ठरवलं तेव्हा ते बेकरी बघायला गेले होते. भट्टी बघितली नाही, पाव चाखला नाही. तळघरातून पिठाची पोती वर आणणारी छोटी लिफ्ट तेवढी वाकून बघितली आणि म्हणाले, "ही आजपासून बंद." ती दुरुस्त होईपर्यंत होणाऱ्या जावयानं सगळी पोती जिन्यानं खांद्यावरून वर आणली. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण सासऱ्यांचं 'जावईबुवा, तुम्ही' काही सुटलं नव्हतं. सासूबाई पहिल्या दिवसापासून त्याला 'तू' म्हणत आणि त्याच्या पिशवीतला गरम पाव दारातच तोडून खात. सासरे आदरानं वागत. आदराचा असा वीत-दीड वीत जाड थर मध्ये असला की पलीकडच्या माणसाला हात लागत नाही.

सासऱ्यांची खाऱ्या पाण्याची टाकी बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून दूरच्या भिंतीला होती. आत दगडांची रास, त्यावर हळूहळू वाढणारी पोवळी, एक लालपांढरी कोळंबी, काही गोगलगायी आणि एक म्हातारी. म्हातारी म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली मासोळी. ती या घरात इतकी वर्षं होती की सासूबाई तिला 'माझी सवत' म्हणत. टाकीत हात घातला की ती चावायची. सासऱ्यांना सोडून.

आणि ऑपरेशनच्या थोडे दिवस आधी सासऱ्यांनी एक नवा मासा आणला होता. तळहाताएवढा, आकाशी अंगाचा, तोंड काळं, पाठीवर पिवळीधम्मक धार. हा मासा त्यांना फार वर्षांपासून हवा होता, पण नाजूक असतो म्हणून ते मनाला आवर घालत आले होते. तो टाकीत आला तेव्हा सासूबाईंनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर नवरदेवच. लग्नाला निघाल्यासारखा नटलाय." तेच नाव पडलं.

सासऱ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बेकरीतून थेट सासूबाईंकडे आला, हात धुतले, टाकीचा दिवा लावला आणि उभा राहिला. नवरदेव रोज दिवा लागला की काचेकडे झेप घ्यायचा. आज तो मागच्या कोपऱ्यात होता. मधेच एकदम उसळला, एका दगडावर अंग घासलं आणि परत कोपऱ्यात गेला. जावयानं खाणं टाकलं. म्हातारीनं ते मटकावलं. नवरदेवानं तिकडे बघितलंही नाही.

जावयानं काचेला नाक लावलं. माशाच्या अंगावर, पंखांवर, काळ्या तोंडावर पांढरे बारीक दाणे होते. त्याला आधी वाटलं, आपल्याच बाहीवरून पीठ पडलं की काय. मग लक्षात आलं, पीठ पाण्यात असं चिकटून राहत नाही.

"आई, जरा इकडे या."

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या. बघितलं. कप टाकीच्या कडेवर ठेवणार होत्या, तो परत उचलला, कारण टाकीच्या कडेवर काही ठेवायचं नाही असा त्या घरचा कायदा होता.

"अगंबाई. साखर पेरल्यासारखं दिसतंय."

"बाबांना सांगायचं का?"

सासूबाईंनी विचार केला. "काल ऑपरेशन झालंय. मघाशी फोन केला तर नर्स म्हणाली, रक्तदाब वर आहे, चिडू देऊ नका. हे कळलं तर गुडघा तिथेच टाकून घरी येतील."

"मग?"

"मग मूग गिळून बसायचं. तू काय ते कर. मी दवाखान्यात जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारते."

जावई माशांच्या दुकानात गेला. दुकान एका अरुंद गल्लीत होतं, आत निळा उजेड आणि सगळीकडे पाण्याची बुडबुड. दुकानवाली पन्नाशीची, केस वर बांधलेले, हाताला कोपरापर्यंत ओल. जावयानं फोनमध्ये काढलेला फोटो दाखवला. तिनं तो एकदाच बघितला.

"पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. या जातीला फार लवकर होतो. परजीवी असतो, अंगावर वाढतो, मग खाली पडून पाण्यात पिल्लं सोडतो. आधी कल्ल्यांत शिरतो. श्वास जोरात चालू आहे का?"

"हो."

"मग वेळ घालवू नका. पण मला सांगा, तुम्ही हा वेगळ्या टबात ठेवलाय ना? नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवतात, रोग असेल तर तिथेच दिसतो."

"नाही. टाकीतच आहे."

दुकानवालीनं त्याच्याकडे नीट बघितलं. "हा मासा कोणी नेला होता? ते लिफ्टवाले?"

"माझे सासरे आहेत ते."

"अहो, पण ते तर इथे उभं राहून माझ्या गिऱ्हाइकांना धडे देतात. नवा मासा थेट टाकीत सोडणाऱ्याला मासा विकूच नये, असं मला सांगतात." ती थांबली. तिला वाटलं, आपण जरा जास्त बोललो. "घाईत असतील. असू दे."

जावयानं फोन खिशात ठेवला. त्याला आश्चर्य वाटलं होतं. दोराचा एकेक पीळ तपासणारा माणूस हे कसं विसरेल?

तिनं तांब्याचं औषध दिलं आणि सोबत पाण्यात ते किती आहे हे तपासायचे थेंब. औषध मोठ्या टाकीत घालायचं नाही, पोवळी आणि कोळंबी मरतील. माशांना बाहेर काढून टबात ठेवायचं, तिथे औषध थोडंथोडं वाढवत न्यायचं, कमी पडलं तर रोग हटत नाही आणि जास्त झालं तर मासा जातो. म्हातारीच्या अंगावर ठिपके नसले तरी तिलाही काढायचं. मोठी टाकी माशांशिवाय अडीच महिने ठेवली की तिथला रोग उपासमारीनं मरतो.

"आणि जाळीनं पकडू नका," ती म्हणाली. "शेपटीच्या बुडाशी त्याला काटा असतो, चाकूसारखा. जाळीत अडकला तर फाटतो. आणि तुमचा हात सांभाळा."

बेकरीत पीठ मळून ठेवायचे मोठे पांढरे टब होते. त्यातले दोन कोरे, न वापरलेले टब जावयानं गाडीत घातले, पिठाचा वजनकाटा घेतला आणि एक मोठी प्लास्टिकची चाळणी. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, समुद्र करायला.

ते काही खोटं नव्हतं. सासऱ्यांच्या घरी गाळलेल्या पाण्याचं पिंप आणि समुद्राच्या मिठाची पोतडी होतीच. पोतडीवर चमचे आणि माप लिहिलं होतं, पण जावयाचा चमच्यांवर विश्वास नव्हता. त्यानं काटा जमिनीवर ठेवला, पाणी तोललं, मीठ तोललं. पावात शंभराला दोन टाकतो आपण, त्याच्या मनात आलं, समुद्रात साडेतीन. म्हणजे समुद्र फार खारट झालेला पाव. मीठ विरघळेपर्यंत तो ढवळत राहिला, उष्णता जुळवली, खारेपणा मोजायच्या नळीत थेंब घालून खिडकीकडे धरलं. बरोबर आला.

माळ्यावरच्या खोक्यात हवेचा जुना पंप सापडला. तो भुर्रर्र करत चालू झाला.

दुपारी त्याची बायको ड्युटी संपवून आली. ती शहराची बस चालवायची आणि गणवेशातच आली होती. तिनं टाकीकडे, टबांकडे आणि गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेल्या नवऱ्याकडे बघितलं.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग आपण दोघं मेलो," ती शांतपणे म्हणाली आणि बाह्या वर करायला लागली.

दगड हलवले तर पोवळी मोडतील, म्हणून त्यांनी टाकीतलं पाणीच बादल्यांत काढलं. पाणी निम्म्याखाली आल्यावर नवरदेवाला पळायला जागा कमी झाली. तरीही त्यानं दोघांच्या नाकी नऊ आणले. एका बाजूनं बायको हातानं वळवायची, दुसऱ्या बाजूनं जावई चाळणी सरकवायचा आणि मासा त्या दोघांमधून असा निसटायचा की जणू त्यांचा खेळ त्याला आवडला होता. मग एकदा तो थकला. चाळणीत आला, तडफडला, जावयानं दुसरा हात वरून धरला आणि अंगठ्यात कळ गेली. रक्ताचा थेंब पाण्यात पडला.

"सोडू नकोस," बायको म्हणाली.

"नाही सोडत."

मासा टबात गेला. दुसऱ्या टबासाठी म्हातारीला पकडणं सोपं होतं. ती स्वतःच चावायला पुढे आली.

संध्याकाळी, बादल्यांतलं पाणी परत टाकीत ओतून झाल्यावर, अंगठ्याला पट्टी बांधलेला जावई टबाजवळ बसला असताना फोन वाजला. सासरे. आवाज औषधांनी जड झाला होता, पण स्पष्ट होता.

"जावईबुवा, सगळं ठीक?"

"ठीक, बाबा. तुमचा गुडघा?"

"गुडघा डॉक्टरांचा आहे आता, त्यांना विचारा. नवा मासा खातोय का?"

"हो."

"काय खातोय?"

"तेच. तुम्ही ठेवलंय ते."

"म्हणजे काय?"

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. "हिरवं," तो म्हणाला.

सासऱ्यांनी तो विषय तिथेच सोडला.

"तुमच्या मागे भुर्रर्र आवाज कसला येतोय?"

"कसला?"

"हवेच्या पंपाचा. माझ्या टाकीला हवेचा पंप नाही. तो माळ्यावर असतो, आणि तो काढायची वेळ कधी येते ते मला ठाऊक आहे." सासऱ्यांनी श्वास घेतला. "मी जन्मभर अंधारात उभं राहून आवाज ऐकलेत, जावईबुवा. सांगा."

जावयानं सांगितलं. ठिपके, कोपरा, दुकान, टब, तांबं. सांगताना तो चुकलेल्या पोरासारखा उभा राहिला होता, हे त्याच्या बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं.

 सगळं ऐकून झाल्यावर सासरे म्हणाले, "टबाच्या पाण्याची उष्णता टाकीएवढीच होती?"

"हो. आधी जुळवली."

"मीठ?"

"तोलून घातलं. काट्यावर."

"तोलून?" आवाजात काहीतरी बदललं. "बरं केलंस. मी आपला चमच्यानं घालतो. त्याला लपायला काही दिलंस का? उघड्यावर मासा घाबरून मरतो. माळ्यावर जाड नळाचा एक पोकळ तुकडा आहे, तो टाक आत. आणि अरे, अर्धा टब टॉवेलनं झाक."

"टाकतो."

 सासऱ्यांच्या मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा खडखडाट आला.

"दुकानवाली काही बोलली का?"

जावई गडबडला. "काही विशेष नाही."

"बोलली असणार. मी त्याला वेगळा ठेवला नाही. थेट टाकीत सोडला." सासऱ्यांचा आवाज खाली आला. "दवाखान्याची तारीख पडली होती. वेगळा ठेवला असता तर जायच्या आधी त्याला टाकीत पोहताना बघायला मिळालं नसतं. माझं वय झालंय, भूल द्यायची म्हणत होते. म्हटलं, न जाणो. एकदा बघून घ्यावं."

जावयानं टबाकडे बघितलं. अंगठा ठणकत होता. शेवटी तो म्हणाला, "छान दिसत होता, बाबा. पोहताना."

"दिसत होता ना?"

"हो."

"हं," सासरे म्हणाले. "हिला सांगू नकोस मी असं म्हणालो ते." आणि फोन ठेवला.

बायको दारातून बाहेर आली. "काय म्हणाले?"

"नळाचा तुकडा टाक म्हणाले."

"ते नाही रे. त्यांनी तुला 'अरे' म्हटलं?"

"तुला कसं कळलं?"

"तुझं तोंड बघून," ती म्हणाली.

मासा थेट टाकीत का सोडला ते सासूबाईंना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलंच, कारण नवऱ्याला विचारलं की खोटं बोलता येत नाही, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," त्या म्हणाल्या, पण हे त्या नवऱ्यासमोर बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात भांडी घासताना बोलल्या, आणि मग पदरानं डोळे टिपले. जावई तिकडे न बघता टबातलं पाणी तपासत राहिला.

त्यानंतर सासऱ्यांचे फोन रोज यायला लागले. त्यांना आता ज्या खोलीत हलवलं होतं तिथे फोनला रेंज नव्हती. ती मिळायची लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाच्या खिडकीत. सकाळी वॉकर घेऊन दोन पावलं टाकायला सांगितलं की कुरकुरणारा माणूस टबाची खबर घ्यायला खिडकीपर्यंत जाऊन यायला लागला. व्यायाम शिकवणारी मुलगी सासूबाईंना म्हणाली, "काका फार जिद्दी आहेत." सासूबाई म्हणाल्या, "हो, हो."

जावई रोज सकाळी बेकरी आटोपून यायचा. तळाची घाण नळीनं ओढून घ्यायची, काढलं तेवढं नवं खारं पाणी घालायचं, त्यात तेवढंच औषध टाकायचं, थेंब घालून रंग बघायचा. उद्याचं पाणी तो आजच मिसळून दुसऱ्या पिंपात ठेवायचा, कारण उद्याच्या पावाचं आंबवण आज लावायची त्याला सवय होती. ठिपके हळूहळू कमी झाले. पण नवरदेव खात नव्हता. नळाच्या तुकड्यात शिरून बसायचा, पोट आत गेलं होतं, आणि वरून बघितलं की डोक्यामागची हाडं दिसायची.

"लसूण लावून बघ," सासरे खिडकीतून म्हणाले. लावून बघितला. सगळ्या खोलीला लसणाचा वास आला, माशाला नाही.

"दिवा कमी कर." केला.

"समोर उभा राहू नकोस." जावई दाराआड उभा राहून डोकावायला लागला. स्वतःच्या सासुरवाडीत चोरासारखं डोकावताना त्याला शेजारणीनं पाहिलं, आणि सासूबाईंना त्याचा खुलासा करावा लागला.

एका दुपारी तो बेकरीत उद्याचं आंबवण लावत असताना सासूबाईंचा फोन आला. "तो आडवा झालाय रे."

जावई ॲप्रनसकट धावला. नवरदेव टबाच्या भिंतीला टेकून तिरका पडला होता. कल्ले भराभर उघडझाप करत होते. पाण्याला वास येत होता. त्यानं तळाशी बघितलं. नळाच्या तुकड्यामागे खाण्याचा लगदा साचला होता, मुठीएवढा.

सासूबाई मागे उभ्या होत्या. हातात रिकामी डबी.

"तो खात नाही म्हणून मी जरासं जास्त घातलं," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, हे आवडत नसेल, म्हणून दुसरं घातलं. माझंच चुकलं. त्यांचा मासा मी मारला."

"अजून मेला नाही, आई. ती बादली धरा."

त्यानं लगदा ओढून काढला, निम्म्याहून जास्त पाणी उपसलं आणि पिंपातलं तयार पाणी हळूहळू, हातावरून, धार न पडू देता आत सोडलं. औषध मोजून घातलं. मग गुडघे टेकून बसला आणि तळहात माशाच्या पोटाखाली धरला, नुसता आधार म्हणून. काट्याची त्याला आठवण होती, पण हात काढावासा वाटेना. मासा हलका होता, मळलेल्या पिठाच्या एका गोळ्यापेक्षाही हलका. सासूबाईंनी त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसला, आणि फोन वाजला तेव्हा त्यांनीच उचलून त्याच्या कानाला लावला.

त्यानं काय झालं ते सांगितलं. खाणं कुणी घातलं ते सांगितलं नाही. "लक्ष राहिलं नाही, पाणी बिघडलं," एवढंच म्हणाला. सासूबाईंनी दुसऱ्या हातातली रिकामी डबी पदराआड घेतली.

"मी इथून काय करू?" सासरे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्याकडे सूचना नव्हती. "तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"मग झालं. तू बघ."

मासा बऱ्याच वेळानं सरळ झाला. जावयाच्या तळहातावरून उतरला आणि आपल्या नळात गेला.

त्या संध्याकाळी सासूबाई टबाशेजारी पाट घेऊन बसल्या. खाणं न घालता नुसत्या बसल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "तो टाकीत होता तेव्हा काय करायचा आठवतंय का? दिवसभर दगडांना तोंड लावत फिरायचा. शेळीसारखा. पाट मांडून वाढलं तर जेवणारा नाही हा. हा चालता चालता चरणारा." त्यांनी खाण्याच्या खोक्यातलं वाळलेलं समुद्री शेवाळ काढलं, कागदासारखं पातळ. अंगणातला एक चपटा, गुळगुळीत दगड घेतला, उकळत्या पाण्यातून काढला, त्यावर शेवाळ गुंडाळलं आणि शिवणाच्या डब्यातल्या रबरानं बांधलं. दगड नळाच्या तोंडाशी अलगद ठेवला.

दोघंही दाराआड गेले.

आधी काहीच नाही. मग काळं तोंड बाहेर आलं. दगडाकडे बघितलं, मागे गेलं. पुन्हा आलं. आणि टक्. एकदा. मग थांबून पुन्हा टक्, टक्.

सासूबाईंनी जावयाचा दंड इतका घट्ट धरला की बोटांच्या खुणा उठल्या. "खातोय," त्या कुजबुजल्या. "माझ्या हातचं खातोय."

"सवतीला सांगू नका," जावई म्हणाला.

सासरे घरी आले तेव्हा काठी आणि वॉकर दोन्ही सोबत होती आणि दोन्हींवर त्यांचा सारखाच राग होता. बैठकीच्या खोलीत शिरल्यावर ते आधी मोठ्या टाकीपाशी थांबले. आत एकही मासा नव्हता. कोळंबी एका दगडावर बसून मिशा हलवत होती. सासऱ्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि टबाकडे वळले. खुर्ची आणली गेली. ऑपरेशन झालेला पाय पुढे ताठ ठेवून ते वाकले.

टबात मासा वरून दिसतो, म्हणजे नुसती पाठ दिसते. नवरदेवाच्या पिवळ्या धारेला एक लहानशी खाच पडली होती, चाळणीत तडफडला तेव्हाची. अंग मात्र स्वच्छ होतं. तो दगडापाशी चरत होता.

"जाडा झालाय," सासरे म्हणाले.

"आई सारखं दगड बांधून देतात."

"ही?" सासऱ्यांनी बायकोकडे बघितलं. सासूबाई खिडकीचा पडदा नीट करायला लागल्या. तो आधीच नीट होता.

सासऱ्यांनी मग जावयाचा हात मागितला. अंगठ्यावरची खूण पिठानं पांढरी झाली होती. त्यांनी ती दोर तपासावा तशी तपासली, इकडून, तिकडून. "खोल गेलं होतं," ते म्हणाले. "मळताना दुखलं असेल."

"हातमोजा घालून मळत होतो."

"दुखलं असेलच." त्यांनी हात लगेच सोडला नाही.

औषध संपलं, तरी मोठी टाकी रोगातून मोकळी व्हायला वेळ होता. तोवर दोघांनी वाट बघितली. जावई सकाळी यायचा, पाणी बदलायचा. सासरे खुर्चीतून चुका काढायचे, पण आता त्या काढताना त्यांना विशेष उत्साह राहिला नव्हता. कधी कधी चुका काढायच्या राहूनही जायच्या, आणि ते बेकरीबद्दल विचारायचे. आंबवण म्हणजे नक्की काय, थंडीत ते जिवंत कसं ठेवतोस, तेही मरतं का? जावई सांगायचा. एकदा त्यानं थोडं आंबवण बरणीत घालून आणून दाखवलं. सासऱ्यांनी बरणीला कान लावला आणि म्हणाले, "आवाज येतोय." खरंच येत होता, बारीक बुडबुड्यांचा. इतक्या वर्षांत जावयानं तो कधी ऐकला नव्हता.

मग तो दिवस आला. बसवाली लेक सुट्टी काढून आली होती. सासरे आता नुसत्या काठीवर होते. चाळणीऐवजी यावेळी एक पारदर्शक डबा होता आणि नवरदेव शेवाळाच्या मागोमाग स्वतःच त्यात शिरला. जावयानं डबा पाण्याखालून उचलला आणि सासऱ्यांपुढे धरला.

"तूच सोड," सासरे म्हणाले.

"तुमचा मासा आहे, बाबा."

"मी एकदा सोडला होता. काय झालं बघितलंस ना? तू सोड."

जावयानं डबा टाकीत बुडवला आणि कलता केला. नवरदेव काठाशी क्षणभर थबकला, मग बाहेर सरकला. त्याच्यामागोमाग म्हातारी सोडली. तिनं पाण्यात शिरताच जावयाच्या बोटाला एक चावा घेतला आणि आपल्या जुन्या कोपऱ्याकडे निघून गेली. नवरदेव दगडांच्या रांगेवरून एक लांब फेरी मारून आला. दिव्याखाली त्याचं अंग पुन्हा तसंच आकाशी दिसलं. मग तो एका दगडाशी उतरला आणि चरायला लागला.

 लेकीनं आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती.

जावयानं घड्याळाकडे बघितलं. उद्याचं आंबवण लावायचं होतं. त्यानं टॉवेलला हात पुसले आणि निघायला वळला.

"थांब ना जरा," सासरे टाकीवरची नजर न काढता म्हणाले, आणि काठीनं शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

जावई बसला.